डॉक्टर, एक विचारू का? : ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आत

गेल्या अंकात मी सहज लिहून गेले होते, की काहीही दुखत नसलेला माणूस माझ्या दवाखान्यात दोनच कारणांनी येतो, फिटनेसचं सर्टिफिकेट न्यायला नाहीतर लग्नाची पत्रिका द्यायला. त्यावर पत्रांचा गठ्ठा आला. बहुतेकांचा सूर एकच, "मग कधी यायचं, ते तरी सांगा." माझा दवाखाना धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, स्टँडच्या मागं. सव्वीस वर्षं झाली. बाजाराच्या दिवशी पेशंट बघते तशीच ही पत्रं घेते. ज्याला वेळ लागेल त्याला लागेल, बाकीच्यांनी राग मानू नये.

मी पुण्यात नोकरी करतो. आई-वडील गेवराईजवळ शेतात राहतात. वडील ५८, आई ५२, दोघंही ठणठणीत. "७२ तपासण्या फक्त ९९९ रुपयांत, रक्त घरून नेऊ" अशी जाहिरात बघितली. दिवाळीला त्यांना तेच द्यावं म्हणतो. घेऊ का?

दिवाळीला आईला साडी घ्या. तपासण्या करायच्याच आहेत, पण त्या ७२ नाहीत आणि निम्म्याअधिक रक्ताच्याही नाहीत.

आधी एक हिशेब. लॅबच्या कागदावर उजवीकडे 'नॉर्मल'ची जी हद्द छापलेली असते, ती बहुतेक वेळा धडधाकट माणसांची रक्तं तपासून, त्यातली मधली ९५ टक्के माणसं आत बसतील अशी आखलेली असते. म्हणजे शंभर धडधाकट माणसांतली पाच त्या हद्दीबाहेर राहणारच. अशा ७२ तपासण्या एकाच माणसाच्या केल्या तर तीन-चार ठिकाणी ठळक अक्षरं आणि बाण येणार, मग तो तालमीतला पैलवान का असेना. ते बाण घेऊन लोक माझ्याकडे येतात. मागच्या महिन्यात एक बाई आली, सोबत नवरा, दीर आणि दिराचा मित्र. पॅकेजमध्ये 'सीए १२५' नावाची कॅन्सरची तपासणी होती आणि ती थोडी वाढलेली. दोन रात्री घरात कुणी धड जेवलं नव्हतं. हा आकडा पाळीच्या दिवसांतही वाढतो. विचारलं, तर रक्त दिलं तेव्हा तिची पाळी चालू होती. तक्रार नसलेल्या बाईत कॅन्सर शोधायला ही तपासणी वापरतच नाहीत.

आणि रक्त न्यायला आलेला मुलगा तुमच्या वडिलांच्या गालात बॅटरी मारून बघणार नाही, दंडाला पट्टा बांधणार नाही, आईच्या छातीतली गाठ चाचपणार नाही. आपल्याकडं माणूस जातो तो या न बघितलेल्या गोष्टींनी.

दोघांना गावच्या उपकेंद्रात पाठवा, आता त्याला आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाची तिथं पाच गोष्टींसाठी फुकट तपासणी होते: बीपी, शुगर, तोंडाचा कॅन्सर, आणि बायकांसाठी स्तनाचा व गर्भाशयमुखाचा. आशाताई त्याआधी एक फॉर्म भरते. तंबाखू, दारू, कष्ट किती, घरात कुणाला काय, आणि कमरेचा घेर. घेर तुम्हीही शिंप्याच्या टेपनं मोजू शकता. बाईचा ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषाचा ९० च्या आत हवा. शुगर उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त आली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करून खात्री करायची. १०० ते १२५ मध्ये असेल तर ती उंबरठ्यावरची, दरवर्षी बघायची. हल्ली सगळे तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी एचबीए१सी मागतात. चांगली तपासणी आहे, पण अंगात रक्त कमी असलेल्या बाईत ती फसवते, लोह कमी असलं की आकडा उगाच वर जातो. म्हणून आईचं हिमोग्लोबिन आधी बघा. ते बारापेक्षा कमी निघालं तर उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची शुगर जास्त भरवशाची.

यात कोलेस्टेरॉल, किडनीसाठी क्रिएटिनिन आणि दोघांचे डोळे एवढी भर घाला. वडिलांना रात्री तीन-तीनदा लघवीला उठावं लागतं का, ते फोनवर विचारा. उठत असतील तर डॉक्टरला दाखवा. वाचलेल्या ९९९ मध्ये थोडे घालून दंडाला बांधायचं बीपी मशीन घ्या. मनगटाचं नको.

गणपतीत चौकात शिबिर होतं. माझा बीपी १५८/९६ निघाला. पण मला काहीच होत नाही. डोकं दुखत नाही, चक्कर नाही. मित्र म्हणतो एकदा गोळी लागली की जन्माची लागती. (वय ४४, परळी)

शिबिरात तुम्ही चालत आलात, रांगेत उभे राहिलात, ढोल वाजत होता आणि बहुधा तोंडात विडा होता. तो आकडा खरा धरू नका, फेकूनही देऊ नका. अर्धा तास चहा-तंबाखू बंद ठेवा. लघवी करून या. पाठ टेकवून पाच मिनिटं गप्प बसा, पाय जमिनीवर, एकावर एक टाकायचे नाहीत, दंड छातीच्या उंचीवर टेबलावर. मग एक-दोन मिनिटांच्या अंतरानं दोनदा मोजा. वेगवेगळ्या दिवशी दवाखान्यात १४०/९० किंवा त्यापुढे राहिला, तर तो बीपीच. १८०/११० च्या पुढं गेला तर दिवस मोजत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

"काहीच होत नाही" हे मला रोज ऐकायला मिळतं. बीपीला काही होतच नसतं हो. तो वर्षानुवर्षं मुकाट्यानं किडनी आणि डोळ्यांच्या नसा खात बसतो आणि एके दिवशी माणूस बैलगाडीवरून उतरताना अर्ध्या अंगानं पडतो. गोळी जन्माची लागते हे बऱ्याचदा खरं आहे. चष्माही जन्माचाच लागतो, त्याची कुणी तक्रार करत नाही. दिवसभरात मीठ सगळं मिळून एक सपाट चमचा, त्यात ठेचा, लोणचं, पापड सगळं आलं. वजन पाच किलो उतरलं आणि मीठ कमी झालं, तर काहींची गोळी लहान होते. पण ते डॉक्टरला मोजून ठरवू द्या.

मी बारावीला आहे. आईसाठी लिहिते. आई-पप्पा उसाला जातात. आईची पिशवी ती २९ वर्षांची असताना काढली, आता ती ३९ ची आहे. आरोग्याच्या बाया तपासणीला बोलवायला आल्या की आई म्हणती, "मला पिशवीच नाही तर काय तपासायलाव?" तिचे हाडं लई दुखतात, रात्री घामानं भिजती. (धारूर तालुका)

बाळा, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. एकोणतीस हे वय वाचून मला आश्चर्य वाटलं नाही, याचीच लाज वाटली. २०१९ साली विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा ८२ हजारांवर बायकांमध्ये १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. कारणं काय, तर अंगावरून पांढरं जाणं, पाळीत जास्त जाणं, कंबर दुखणं. यातलं कितीतरी गोळ्यांनी बरं होणारं. पण कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, अर्धा राहिला की खाड्याचे पैसे कापले जातात, फडात ना पाणी ना आडोसा, आणि वरून कुणीतरी सांगतं, "ठेवली तर कॅन्सर होईल." तुझ्या आईनं मूर्खपणा केला असं कधी म्हणू नकोस.

आता कामाचं. ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड शोध. आमच्याकडं ते बियाण्याच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत तळाशी असतं, आधार कार्डाच्या झेरॉक्सखाली. त्यावर तीन गोष्टी बघायच्या. पिशवीचं तोंड, म्हणजे गर्भाशयमुख, काढलंय की ठेवलंय? दोन्ही बाजूची अंडाशयं काढलीत की ठेवलीत? आणि काढलेल्या पिशवीचा तुकडा तपासायला पाठवला होता का, त्याचा रिपोर्ट काय? कार्ड हरवलं असेल तर सोनोग्राफी आणि आतून तपासणी करून पहिल्या दोन गोष्टी बऱ्याच अंशी कळतात.

मुख काढलेलं असेल आणि त्या तुकड्यात काही वाईट निघालं नसेल, तर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी तिला खरंच लागत नाही. तेवढ्यापुरती आई बरोबर आहे. मुख ठेवलेलं असेल तर लागते. स्तन, तोंड, बीपी, शुगर यांचा तर पिशवीशी संबंधच नाही, त्या तिनं चुकवायच्या नाहीत.

पण माझं लक्ष तुझ्या शेवटच्या वाक्यावर आहे. एकोणचाळिसाव्या वर्षी रात्री घामानं भिजणं आणि हाडं दुखणं म्हणजे अंडाशयं काढली असावीत किंवा वेळेआधी थकली असावीत, असा संशय घ्यायला जागा आहे. पिशवी काढल्यावर अंडाशयं ठेवली तरी ती काही जणींत लवकर थांबतात. पाळी नसल्यामुळं बाईला ते कळतही नाही. पंचेचाळिशीच्या आत असं झालं तर हाडं ठिसूळ व्हायला आणि हृदयाचे त्रास सुरू व्हायला बरीच आधी सुरुवात होते. त्यासाठी एफएसएच नावाची रक्ताची तपासणी आहे. तिला स्त्रीरोगतज्ज्ञाकडं ने, अंबाजोगाईचं सरकारी रुग्णालय तुम्हाला जवळ पडेल, आणि थेट विचार, "माझ्या आईला हार्मोनच्या गोळ्या चालतील का?" छातीत गाठ नसेल, रक्ताच्या गुठळीचा वगैरे इतिहास नसेल, तर साधारण पन्नाशीपर्यंत त्या देता येतात. घाम थांबतो आणि हाडंही वाचतात. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन त्याच दिवशी कर. रात्रीच्या घामासोबत दोन आठवड्यांचा खोकला किंवा वजन उतरणं असेल तर थुंकीही तपासून घे, टीबीसाठी. हाडांना रोज एक ग्लास दूध आणि मूठभर तीळ. आपल्याकडं तीळ संक्रांतीलाच आठवतात, कॅल्शियमला ते फार चांगले. भाकरीला लावून खाऊ दे.

आणि हे सगळं टोळी निघायच्या आत. मुकादमाची आगाऊ उचल घेतली की तुझ्या आईचे पुढचे पाच-सहा महिने तिचे नाहीत.

मी आशा कार्यकर्ती आहे. बायांना गर्भाशयमुखाच्या तपासणीला चला म्हणलं की तोंडाला पदर लावतात. "मला कुठं काय झालंय" म्हणतात. काय सांगू? आणि माझी मुलगी १३ वर्षांची आहे, तिला या कॅन्सरची लस द्यावी का? (भूम तालुका)

ताई, तुम्ही भूमच्या, म्हणून तुम्हाला हे सांगायला मला जास्त आवडेल. भूम, परंडा आणि बार्शी या तीन तालुक्यांत कॅन्सरची नोंदवही १९८७ पासून ठेवली जाते, खेड्यापाड्यासाठीची ती देशातली पहिली. तिच्यात सगळ्यात जास्त दिसायचा तो बायकांचा हाच कॅन्सर. मग १९९९ साली आपल्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा आणि फ्रान्समधली कॅन्सरवरची जागतिक संस्था यांनी मिळून १ लाख ३१ हजारांवर बायकांचा अभ्यास सुरू केला. ३० ते ५९ वयाच्या, शेतात राबणाऱ्या, बहुतेकींनी कधी अशी तपासणी ऐकलेलीही नव्हती. काही गावांत हा कॅन्सर करणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी केली, काहींत पेशींची, काहींत व्हिनेगरसारखं पाणी लावून बघण्याची. काही गावं नेहमीसारखीच ठेवली. आठ वर्षांनी मोजलं. आयुष्यात फक्त एकदा एचपीव्ही तपासणी झालेल्या ३४ हजार बायकांत या कॅन्सरनं ३४ जणी गेल्या, आणि तपासणी न झालेल्या ३१ हजारांत ६४. २००९ मध्ये हे छापून आलं आणि जगभरातल्या डॉक्टरांनी उस्मानाबादचं नाव वाचलं. इथं मात्र ते फारसं कुणाला ठाऊक नाही.

एक कडू गोष्टही आहे. ज्या गावांत तपासणी केली नाही, तिथल्या बायकांना का वगळलं, यावर पुढं टीका झाली. मला ती पटते. त्या ६४ जणींमधली कुणीतरी माझ्या दवाखान्यासमोरून बाजाराला गेली असणार. म्हणूनच आज आपल्या जिल्ह्यातल्या बाईनं "मला काय झालंय" म्हणावं याचा मला जास्त त्रास होतो.

बायांना काय सांगायचं? कॅन्सरचं नाव शेवटी घ्या. आधी प्रत्यक्ष काय होतं ते सांगा, भीती न कळण्याची असते. पाच मिनिटांचं काम. टेबलावर झोपायचं, पदर-लुगडं अंगावरच राहतं, फक्त नर्सबाई असते. एक यंत्र आत घालून मुख दिसेल असं करतात, कापसानं ते व्हिनेगरसारखं पाणी लावतात, थोडं चुणचुणतं, एक मिनिट थांबतात. तिथला भाग पांढरा झाला तर पुढं बघायचं, नाही झाला तर पाच वर्षांनी या. पांढरा डाग म्हणजे कॅन्सर नव्हे. विषाणू शिरल्यापासून कॅन्सर व्हायला साधारण दहा-पंधरा वर्षं लागतात, आणि एवढ्या मधल्या काळात तो डाग बहुतेक वेळा भूल न देता, तिथल्या तिथं जाळून किंवा गोठवून काढता येतो. पाळीच्या दिवसांत मात्र आणू नका.

आणि एक विनंती. ज्यांची पॉझिटिव्ह चिठ्ठी निघते, त्यांच्याबरोबर तुम्ही स्वतः जा. माझ्याकडं एक बाई आली होती, चिठ्ठी अडीच वर्षं जुनी, घडीवर फाटलेली. "नवरा म्हणला ऊस लावून झाला की जाऊ." तपासणी फुकट झाली होती, एसटीही निम्म्या तिकिटात होती, सोबत यायला कुणी नव्हतं एवढंच. त्या खेपेला मी दवाखाना बंद ठेवून तिला घेऊन गेले. तेव्हा तरी फार उशीर झालेला नव्हता.

लेकीला लस जरूर द्या. कंपनीच्या पत्रकाप्रमाणे नऊ ते चौदा वयात सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस. पंधरा लागलं की तीन पडतात. पुण्याच्या सीरमची आपली स्वदेशी लसही २०२३ पासून मिळते. लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी करायचीच, हे तिला आत्ताच सांगून ठेवा.

नातू चौदा महिन्यांचा आहे. लेक-सून त्याला ऊसतोडीला कारखान्यावर नेणार. त्याच्या लसी बुडतील का?

बुडू द्यायच्या नाहीत, आजी. सोळाव्या महिन्यापासून त्याचा गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, त्रिगुणीचा बूस्टर आणि पोलिओ लागतो. 'अ' जीवनसत्त्वाचा डोसही असतो. कारखान्याजवळच्या कुठल्याही सरकारी केंद्रात हे फुकट मिळतं, तुमच्या गावचा पत्ता आडवा येत नाही. उशीर झाला तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेलं पुढं चालू होतं. कार्ड सुनेकडं द्या आणि त्याचा फोटो लेकाच्या मोबाइलमध्ये. कोपीत, म्हणजे त्यांच्या झोपडीत, कार्ड भिजतं, फोटो भिजत नाही.

मुलगा अमेरिकेत असतो. तो म्हणतो, पंचेचाळिशीनंतर सगळ्यांनी मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करायची असते. मी ७२ चा आहे. करू का? (लातूर)

तिकडं ते बरंचसं बरोबर आहे, तिथं तो कॅन्सर आपल्यापेक्षा बराच जास्त. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती तपासणी नाही. आई-वडील किंवा भावंडांत कुणाला झाला असेल, शौचातून रक्त जात असेल, शौचाची सवय अलीकडं बदलली असेल किंवा रक्त विनाकारण कमी होत असेल, तर मात्र करा. रक्त दिसलं की "मूळव्याध" म्हणून सहा महिने कुणाचं तरी चूर्ण खात बसू नका. बाकी तुमच्या वयाला मी आधी दुसरं विचारीन. मोतीबिंदू बघितला का? टीव्हीचा आवाज कुणामुळं वाढवावा लागतो? उठून उभं राहिल्यावर डोळ्यांपुढं अंधारी येते का? वर्षभरात एकदा तरी पडलात का? बीपी झोपून आणि मग उभं राहून मोजून घ्या. फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोनियाची डॉक्टरला विचारून. सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान कार्ड काढलं असेलच, पण ते दवाखान्यात भरती झाल्यावरच्या खर्चासाठी आहे, असल्या तपासण्यांसाठी चालत नाही.

आईला मिसरीची सवय आहे. ती तंबाखू खात नाही, फक्त मिसरी लावते. तिचं तोंड तपासावं का?

मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. "फक्त" म्हणू नका. हे उत्तर डॉक्टर म्हणून कमी आणि लेक म्हणून जास्त देते.

माझ्या आईनं चाळीस वर्षं मिसरी लावली. सकाळी चुलीपुढं, दुपारी भांडी झाल्यावर आणि रात्री. मी रोज पन्नास लोकांना "आ करा" म्हणते, पण आईला कधी म्हटलं नाही. चार वर्षांपूर्वी कवळीचं माप द्यायला तिला दाताच्या डॉक्टरकडं नेलं, आणि त्यांनी मला आत बोलावून बॅटरीच्या उजेडात दाखवलं. खालच्या ओठाच्या आत, जिथं ती बोट फिरवते नेमकं तिथं, नखाएवढा पांढरा चट्टा. बोटानं पुसला तर जाईना. तुकडा तपासायला दिला. रिपोर्ट यायला आठ दिवस लागले, ते आठ दिवस मी पेशंटशी नीट बोलले नाही. कॅन्सर नव्हता. मिसरी सुटली, म्हणजे सुटायला वर्ष गेलं.

तुम्ही घरीच बघा. चूळ भरायला लावा, उजेडात बसवा, मोबाइलची बॅटरी धरा. ओठ उलटून आतून, दोन्ही गाल, हिरड्या, जीभ बाहेर काढून तिच्या दोन्ही कडा, जीभ वर करून खालचा भाग, टाळू. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, कडक लागणारी जागा. आणि तिची स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का, ते बघा. सुपारी-गुटखा खाणाऱ्या पोरांची दोनही जात नाहीत, आणि त्यांना वाटतं ठेचा तिखट लागायलाय. यातलं काहीही दिसलं तर आठवड्याच्या आत दाखवा.

आईचं तोंड आता मी दर सहा महिन्यांनी बघते. तिला ते आवडत नाही. परवा पुरणपोळी लाटता लाटता म्हणाली, "बघ बाई एकदाचं, नाहीतर जेवू देणार नाहीस." बघितलं. स्वच्छ होतं. मग जेवलो.